थप्पीची स्मृती

काशीच्या मणिकर्णिका घाटावर सरपणाच्या उंचच उंच थप्प्या दृष्टीस पडतात. एकावर एक रचलेले ओंडके तेथून तोलून चितेकडे नेले जातात. प्रत्येक थप्पीचा एक साधा नियम असतो : जो ओंडका शेवटी ठेवला, तो प्रथम निघतो. तळचा हवा असेल, तर वरचे सारे उतरवावे लागतात. श्रोतेहो, गणितज्ञांनी याच नियमावर एक कल्पित यंत्र उभारले आहे. त्याचे सामर्थ्य किती, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

समजा, एका यंत्राला १० अवस्था आहेत. याहून निराळी स्मृती त्याला नाही. कंसांत कंस असलेले सूत्र वाचताना किती कंस उघडे आहेत, हे त्याने ध्यानात ठेवावयाचे आहे. शून्यापासून १० पर्यंत शक्यता ११ होतात. तेव्हा दोन भिन्न शक्यता एकाच अवस्थेत पडणार आणि यंत्र फसणार!

त्याला एक थप्पी द्या. कंस उघडला की ओंडका ठेवावा. मिटला की उचलावा. उचलावयास मध्येच काही कमी पडले नाही आणि अखेर थप्पी रिकामी झाली, तर सूत्र निर्दोष. गणकयंत्राला सूत्रे उलगडता यावीत म्हणून जर्मनीतील बाऊअर आणि झामेलझोन यांनी ही युक्ती योजून १९५७ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९६२ मध्ये चॉम्स्की यांनी अशा यंत्राचे व्याकरणाशी असलेले नाते उलगडून दाखविले.

मात्र जितके ‘अ’, तितकेच ‘ब’ आणि तितकेच ‘क’ आहेत ना, एवढे विचारले की हे यंत्र कुंठित होते. ‘अ’साठी रचलेली थप्पी ‘ब’ मोजतानाच संपते. ‘क’ येईतो साक्षीला काही उरत नाही. थप्पी हवी तितकी उंच होऊ द्या, ही अडचण टळत नाही.

आता दुसरी थप्पी द्या आणि ओंडक्यांवर खुणा करा. एकीवरून उचललेला ओंडका दुसरीवर ठेवता येतो. म्हणजे वरचे न गमावता तळ गाठता येतो. एवढ्यानेच हे यंत्र १९३६ साली ट्युरिंग यांनी कल्पिलेल्या यंत्राच्या तोडीचे होते. त्याच्या फितीची डावी बाजू एका थप्पीत आणि उजवी दुसरीत मावते. तिसरी थप्पी दिली, तरी त्याला सोडविता येणाऱ्या प्रश्नांत एकाचीही भर पडत नाही.

तात्पर्य, स्मृतीचे बळ केवळ तिच्या विस्तारात नसते. साठविलेले न गमावता त्याच्या तळाशी पोहोचता येते की नाही, यावर ते अवलंबून असते.