आजेसासूबाईंचा रुपया



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत असा मंडळाचा आग्रह झाला. मी काही विदुषी नव्हे. म्हणून विषय घरच्या देव्हाऱ्यातूनच काढला आहे.

आमच्या आजेसासूबाई पैनगंगेपलीकडच्या. तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि आपले वऱ्हाड इंग्रजी अमलात. नदी ओलांडून सुना येत, तसे त्यांच्या कनवटीला बांधलेले निजामाचे रुपयेही येत. असाच एक रुपया आमच्या देव्हाऱ्यात आहे. मध्ये चारमिनार आणि भोवती फारसी अक्षरे. हा सहाशे वर्षांचा आहे, असे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. कोणा उर्दू जाणणाऱ्या गृहस्थांनी पूर्वी त्यावर १३३० हा आकडा वाचून दाखविला होता. वाचन अगदी बरोबर. पण तो सन हिजरी! हिजरी १३३० म्हणजे इसवी १९११-१२. आणि चारमिनार बांधला गेला १५९१ साली. तो १३३० च्या नाण्यावर कसा उमटणार? इतका साधा प्रश्न घरातल्या एकालाही सुचू नये, याचे आता हसू येते.

मिनाराच्या कमानीत एक बारीक अक्षर असते. ‘मीम’ असेल तर नाणे मीर महबूब अली खानांचे, ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खानांचे. हे उस्मान अली १९११ मध्ये गादीवर आले. आमच्या रुपयावर भिंगातून ‘ऐन’ निघाला.

तेव्हा आकडा दिसला की आधी सन कोणता ते विचारावे. शकात ७८ मिळवावे, संवतातून ५७ वजा करावे, आणि जुन्या कागदांवर फसली सन असेल तर त्यात सुमारे ५९० मिळवावे. भांड्यावरच्या नावाखाली साल असते ना, त्यावरून नाव कधी घातले तेवढे कळते. भांडे त्याआधी दोन घरे फिरून आलेले असू शकते. राणीच्या रुपयाचीही एक गंमत आहे. १८६२ हे साल घातलेले रुपये टांकसाळीतून १८७४ पर्यंत निघत होते! ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आले ते १८७७ पासून. तांड्यावरच्या भगिनींच्या अंगावर नाण्यांचे दागिने असतात. त्यांतले सर्वांत अलीकडचे नाणे पाहावे. ते मागाहून ओवलेले नसेल, तर दागिना त्याच्याहून जुना असणार नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे नाणे पुष्कळ घरांत पुजले जाते. कंपनी सरकारने असे नाणे कधीच पाडले नाही. तो देवदेवतांचा टाक समजावा, आणि पुजायला काहीच हरकत नाही. परंतु माझ्या ओळखीच्या एका बाईंना फोन आला की, याचे काही लाख देतो, आधी नोंदणीचे पैसे पाठवा. बाईंनी मुलीच्या फीसाठी जमविलेले पैसे काढलेसुद्धा होते! सुदैवाने मुलीनेच हात धरला. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून असे शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे.

आणि कृपा करून जुनी नाणी चिंचेने घासू नका. अक्षरेच झिजली तर भिंगाने तरी काय पाहावयाचे?

आमचा रुपया शंभर-सव्वाशे वर्षांचाच निघाला, हे सासूबाईंना सांगणे जिवावर आले होते. दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. “घरातले सोने पितळ केलेस,” एवढेच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी पूजेला बसल्या असता त्यांनी रुपया हातात घेतला, बोटांवर काही मोजले आणि मला हाक मारली.

“अगं, म्हणजे हा आमच्या आत्याबाईंच्या वयाचा की! दोघं बरोबरच आली या घरात.”