धाप लागते म्हणून बसूनच राहायचं का?

(स्त्री-आरोग्य गटांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'हार्ट फेल्युअर' हा शब्द घरात आला की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. डॉक्टर घाईत इंग्रजीतून सांगतात आणि मुलगा घरी येऊन मराठीत सांगतो, 'आईचं हृदय निकामी झालंय.' वर्तमानपत्रात 'हृदयक्रिया बंद पडून निधन' असं वाचायची आपल्याला सवय. त्यामुळे फेल म्हणजे बंदच पडलं, आता दिवस मोजायचे, असा अर्थ घेतला जातो. मग बाईला खाटेवर बसवतात आणि 'तू उठू नकोस' म्हणतात. त्यात प्रेम असतं, भीतीही असते. पण खाटेवर बसवलेली बाई भाजी निवडतच असते, हेही आपण पाहतो.

खरं म्हणजे हृदय बंद पडलेलं नसतं. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडत असतं. कधी त्याचा स्नायू दुबळा होतो आणि नीट आवळला जात नाही. कधी तो ताठर होतो, नीट सैलावत नाही, त्यामुळे हृदय पुरेसं भरतच नाही. हा दुसरा प्रकार वय झालेल्या बायकांत जास्त दिसतो. त्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षांचं ब्लडप्रेशर, साखर, वजन असतं. या बायकांच्या टू डी इकोच्या कागदावर 'पंपिंग नॉर्मल' असं लिहून येतं. मग जिना चढताना धाप लागते, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही, संध्याकाळी पाय सुजतात, हे सगळं सांगूनही तिला 'टेन्शन घेऊ नका' असं ऐकून परत यावं लागतं. शिवाय आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापानं झडपा खराब झालेल्या बायका आहेत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत हृदय दुबळं झालेल्या तरुण मुली आहेत. 'पोटुशी बाईला दम लागायचाच' असं म्हणून यांच्याकडे काणाडोळा होतो.

आता चालण्याकडे येते.

खाटेवर बसवणाऱ्या घरच्यांना दोष देण्याआधी एक लक्षात ठेवू या. १९८०च्या दशकापर्यंत डॉक्टरांची पुस्तकंही या रोग्यांना विश्रांतीच सांगत होती. थकलेल्या बैलाला गाडीला जुंपू नये, असा साधा विचार त्यामागे होता. १९८८ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात आणि १९९० साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोड्याशा रोग्यांवर उलटा प्रयोग केला. त्यांना बेतानं व्यायाम दिला. रोगी बिघडले तर नाहीतच, उलट त्यांचा दम वाढला. गंमत अशी, की हृदयाच्या पंपिंगमध्ये फारसा फरक पडला नव्हता. फरक पडला होता पायांत. बसून बसून मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, रक्तातला प्राणवायू घ्यायची त्यांची ताकद कमी होते. असे स्नायू थोड्याशा कामालाही हृदयाकडे जास्त रक्त मागतात आणि श्वास लवकर फुलतो. चालल्यानं हे स्नायू पुन्हा कामाला लागतात, रक्तवाहिन्या जास्त सैलावतात, आणि आहे त्याच हृदयावर बाई जास्त अंतर कापते. म्हणजे दम लागतो म्हणून बसायचं आणि बसलो म्हणून जास्त दम लागायचा, हे चक्र तोडायचं आहे.

याची मोठी तपासणी 'एचएफ-ॲक्शन' या अभ्यासात झाली. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या ८२ केंद्रांतले २,३३१ रोगी त्यात होते, सगळे दुबळ्या पंपिंगचे. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय देखरेखीखाली व्यायामाच्या ३६ बैठका मिळाल्या आणि पुढे घरी आठवड्यातून पाच दिवस चालणं किंवा सायकल. घरी ट्रेडमिल किंवा सायकल देण्याचीही सोय होती. हे ऐकून आपण हसू, पण हसून सोडू नका. एवढं करूनही ठरवलेली मिनिटं पुरी करणारे सुमारे ३० टक्केच निघाले! यंत्र घरात आणून ठेवलं म्हणजे माणूस चालत नाही, एवढं तरी त्यातून कळलं.

निकाल काय? मृत्यू आणि इस्पितळात भरती होणं या दोन्हींचा एकत्र हिशेब केला तर घट थोडीच होती. खात्रीनं सांगावी इतकी ती नव्हती. रोग्यांमधले फरक जमेस धरून पुन्हा गणित केलं तेव्हा ती साधारण ११ टक्के दिसली. म्हणून चालल्यानं आयुष्य वाढतं असं छातीठोकपणे कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. मात्र दोन गोष्टी पक्क्या झाल्या. बेतानं दिलेला व्यायाम या रोग्यांना सोसतो. आणि रोजचं जगणं सुधारतं, म्हणजे दम कमी लागतो, कामं जमतात. उदासीही थोडी उतरते, असं याच अभ्यासातून २०१२ साली पुढे आलं.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट. या अभ्यासात बायका होत्या साधारण २८ टक्के. २०१४ साली इलियाना पिन्या आणि सहकाऱ्यांनी त्यांचे आकडे वेगळे काढून पाहिले. मृत्यू किंवा इस्पितळभरतीचा धोका व्यायाम करणाऱ्या बायकांत सुमारे चतुर्थांशानं कमी होता. पुरुषांत जवळजवळ फरक नव्हता. हे नंतर केलेलं विश्लेषण आहे, अभ्यास मुळात या प्रश्नासाठी बेतलेला नव्हता, तेव्हा यावर झेंडा रोवता येत नाही. पण ज्यांना सगळ्यात जास्त फायदा होण्याची शक्यता दिसते त्याच खोलीत सगळ्यात कमी आहेत, हे तर नाकारता येत नाही ना?

आपल्या देशातलंही पाहा. केरळात तिरुवनंतपुरमच्या १८ इस्पितळांत २०१३ साली हार्ट फेल्युअरच्या १,२०५ रोग्यांची नोंद केली गेली. त्यात बायका ३१ टक्के. भारतात हृदयविकाराच्या झटक्यानंतर योगावर आधारलेला पुनर्वसनाचा कार्यक्रम तपासणारा एक मोठा अभ्यास झाला, 'योगा-केअर'. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. रोगी जवळजवळ चार हजार आणि त्यात बायका सुमारे १४ टक्के. बायकांची हृदयं दणकट असतात म्हणून हे आकडे कमी आहेत, असं मला वाटत नाही. इस्पितळाच्या दारापर्यंत कोणाला आणलं जातं, आणलं तर आठवड्यातून तीनदा कोणासाठी रिक्षा केली जाते, सोबत कोण रजा काढतं, हे त्या टक्क्यांच्या मागे आहे.

घरी विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, 'ती दिवसभर घरात चालतेच की!' या वाक्याला आपण नीट उत्तर द्यायला शिकलं पाहिजे. २०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात रोज २८९ मिनिटं घालवतात. करणारे पुरुष ८८ मिनिटं. तेव्हा बाई हलत नाही असं कोण म्हणेल? पण हंडा उचलणं, बसून कपडे आपटणं, वाकून फरशी पुसणं यात श्वास कोंडला जातो, जोर एकदम लागतो आणि हृदयावर अचानक ताण येतो. या आजारात नुसतं वाकलं तरी धाप लागणाऱ्या बायका आहेत. औषधासारखं चालायचं म्हणजे सावकाश सुरुवात, सारखी लय, हळूहळू वाढवलेली वेळ आणि मनाला येईल तेव्हा थांबायची मुभा. घरकामात थांबायची मुभा कुठे असते? म्हणून चालणं या कामांत मिळवायचं नाही. ती वेळ कामांतून वजा करून घ्यायची, आणि हंडा दुसऱ्या कोणीतरी उचलायचा. भांडण इथेच होईल, तयारी ठेवा.

दुसरा अडथळा बाहेरचा. या रोग्यांना बहुधा लघवीची गोळी असते. ती घेतली की दोन-तीन तास सारखं जावं लागतं. पुरुष भिंत शोधतो. बाई काय करते? एक तर फिरायला जात नाही, नाहीतर गोळीच चुकवते. हे दुसरं फार वाईट, कारण पाणी अंगात साचतं आणि ती पुन्हा इस्पितळात पोचते. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली तेव्हा बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न काहींना थट्टेचा वाटला होता. या बाईच्या जागी उभं राहून पाहा, हा थेट तिच्या हृदयाचा प्रश्न आहे. शिवाय रस्त्याला फुटपाथ नाही, असला तर त्यावर गाड्या, कोपऱ्यावर टवाळ पोरं आणि कुत्री. काम नसताना रस्त्यावर फिरणाऱ्या बाईकडे लोक अजून वळून बघतात. डॉक्टर 'रोज चाला' एवढं लिहून मोकळे होतात. कुठे चालू, हे बाईनं विचारायचं कोणाला?

म्हणून गटानं हे काम हातात घ्यावं. इमारतीची गच्ची, देवळाचं आवार, शाळेचा व्हरांडा, काहीही चालेल, पण सपाट हवं, बसायला बाक किंवा ओटा हवा, जवळ संडास हवा. आधी डॉक्टरांची परवानगी घ्यायची, ती न घेता सुरू करायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, नुकताच आजार बळावला असेल, झडप फार आवळलेली असेल, ठोके अनियमित होऊन ताब्यात नसतील, तर थांबायचं. बाळंतपणानंतरच्या मुलीनं तर तिच्या हृदयतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

सुरुवात पाच-दहा मिनिटांनी, दिवसातून दोनदा. तेवढंही जमत नसेल तर दोन मिनिटं चालायचं, मिनिटभर टेकायचं, पुन्हा चालायचं. वेग कसा ओळखायचा? चालता चालता शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर थोडं वाढवा, वाक्य तुटत असेल तर कमी करा. नाडी मोजत बसू नका, कारण यातल्या पुष्कळ जणींना ठोके कमी करणारी गोळी असते, आकडा फसवतो. दर आठवड्याला काही मिनिटं वाढवत वाढवत अर्ध्या तासापर्यंत, आठवड्यातून पाच दिवस. काहींना त्याला तीन महिने लागतील, लागू देत. जेवल्याबरोबर नाही, उन्हात नाही. गोळीचा जोर ओसरल्यावर निघायचं, किंवा गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारायचं.

प्रगती मोजायला १९८५ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी या रोग्यांसाठी वापरलेली साधी रीत आहे. तीस मीटर सरळ जागा आखायची आणि सहा मिनिटांत जेवढं होईल तेवढं चालायचं. मध्ये थांबलं तरी चालतं, घड्याळ मात्र थांबवायचं नाही. पहिल्यांदा ही चाचणी दवाखान्यातच करून घ्यावी. नंतर अंतर वहीत लिहीत गेलात की बाईला स्वतःला दिसतं, आणि घरच्यांनाही दाखवता येतं.

छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवसाचं चालणं संपलं. बसवा आणि दवाखाना गाठा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वाढलं तर ते खाऊन वाढलेलं नाही, अंगात पाणी साचलंय. लगेच डॉक्टरांना कळवायचं आणि ते सांगेपर्यंत चालणं बंद. एका गटात एक वजनकाटा पुरतो, वर्गणीतून घ्या.

मघाशी एका ताईंनी उपासाचं विचारलं. एकादशीला, चतुर्थीला गोळ्या सोडायच्या नाहीत. पाण्याचा घोट घेऊन गोळी घेतली तर उपास मोडत नाही, हे हवं तर गावातल्या कीर्तनकार बाईंकडून वदवून घ्या. आपल्यापेक्षा त्यांचं ऐकतील. उपासाच्या वेफर्समध्ये आणि पापडांत मीठ बरंच असतं, तेवढं टाळा. आणि पोट रिकामं असेल त्या दिवशी फेऱ्या कमी करा.