दुखणें कोणास विचारावें?

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत एका निवृत्त परिचारिकेनें केलेलें भाषण)



उत्सवाच्या मांडवांत दुखण्याखुपण्याचा विषय काढणें मला स्वतःलाच अवघड वाटत होतें. परंतु फादरांनीं मागल्या महिन्यांत देवळाच्या दाराशीं एक खोकें ठेविलें, आणि 'प्रकृतीविषयीं ज्याला जें विचारावयाचें असेल तें त्यानें चिठ्ठीवर लिहून ह्यांत टाकावें, नांव घालण्याचें कारण नाहीं,' असें दोन रविवार सांगितलें. खोकें उघडलें तेव्हां एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. कोणी वहीचें पान फाडलें आहे, कोणी दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहिलें आहे. नांव फक्त दोघांचें, आणि दोघेहि पुरुष. त्या चिठ्ठ्या मी सोबत आणिल्या आहेत. त्यांतल्या कांहींचीं उत्तरें आज देणार आहें. पण त्याआधीं माझ्या घरची एक गोष्ट ऐकून घ्यावी.

सन १९७२ च्या दुष्काळांत मी नऊ वर्षांची होतें. आमचें घर कळंब तालुक्यांतलें. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हां उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई, व लातूरहि त्यांतच होतें. विहिरी आटल्या होत्या. आईवडील सरकारी कामावर खडी फोडीत, आणि दहा महिन्यांचें धाकटें भावंडं माझ्या कडेवर असे. दुपारीं सुकडी मिळे, ती वांटून खात असूं. पाणी टँकरचें, तेंहि गढूळ. एके दिवशीं पोराला जुलाब सुरू झाले. आईनें कोणाला विचारिलें नाहीं असें मुळींच नाहीं. तिनें सात जणांना विचारिलें. मुकादमाच्या बायकोला विचारिलें, सुईणीला विचारिलें, बाजारांत चादर अंथरून औषधें विकणाऱ्या माणसाला विचारिलें. सातहि जणांनीं एकच सांगितलें: वरून पाणी गेलें कीं खालून जाणार, तेव्हां पाणी तोडा. आईनें पाणी तोडलें. पोर ओल्या फडक्याकडे तोंड वळवी. तें फडकें मी त्याला चोखावयास दिलें म्हणून मला मार बसला. तिसऱ्या दिवशीं पहांटे तें गेलें.

आतां दुसरी गोष्ट. ह्याच्या एकच वर्ष आधीं, १९७१ सालीं, बांगलादेशाच्या युद्धामुळें लाखों निर्वासित पश्चिम बंगालांत आले होते, आणि बनगांवच्या छावणींत पटकीची सांथ पसरली होती. तेथें डॉ. दिलीप महालनबीस ह्यांच्याजवळच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हां त्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोजची साखर पाण्यांत कालवून पिंपें भरलीं, आणि रोग्यांच्या आईबापांना, भावाबहिणींना सांगितलें कीं, हें पाजीत रहा. पाजणारे लोक डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते. शंभर रोग्यांत तीसच्या आसपास दगावत होते, ते चाराच्या आंत आले. त्यामागचें शास्त्र सोपें आहे. जुलाबांत आंतड्यांतून पाणी व मीठ वाहून जातें, आणि नुसतें पाणी तेथें नीट शोषलें जात नाहीं. परंतु साखर असली म्हणजे ती मिठाचा हात धरून त्याला आंत नेते, आणि पाणी त्या दोघांच्या मागोमाग जातें. सांथ असो वा सुगी, आंतड्याचा हा नियम बदलत नाहीं.

म्हणजे माझ्या आईच्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं जगांत होतें. आमच्या खडीच्या ढिगापर्यंत तें पोंचलें नव्हतें, इतकेंच.

मी परिचारिकेचें शिक्षण घेत असतां हें वर्गांत ऐकिलें. सुटींत घरीं गेलें तेव्हां आईला सांगावें कीं न सांगावें, हें ठरेना. पुढें शेजारच्या मुलाला जुलाब झाले, आणि मी एक लिटर पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालून चमच्याचमच्यानें पाजूं लागलें. चमचा चहाचा, हें ध्यानांत ठेवावें. मीठ जास्त पडलें तर अपाय होतो. आई चुलीपाशीं बसून पाहत होती. संध्याकाळीं मूल हंसलें. आई म्हणाली, "एवढेंच होतें काय?" थोड्या वेळानें म्हणाली, "मग मला तें कोणीं सांगितलें कां नाहीं?"

चाळीस वर्षें दवाखान्यांत काढूनहि ह्या प्रश्नाचें पुरतें उत्तर मला देतां येत नाहीं. परंतु जाणता मनुष्य खेड्यांतल्या आईच्या हांकेच्या अंतरावर कसा आणावा, हें ज्यांनीं करून दाखविलें ते आपल्या शेजारचेच आहेत.

आपल्या भूम-परंड्याच्या शिवेपलीकडे, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरास शिकून १९७० सालीं तेथें कामास लागलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या नर्स खेड्यांत ठेवून पाहिल्या. त्या तेथें रुळेनात, आणि गांवच्या बायाहि त्यांच्यापाशीं मन मोकळें करीनात. मग गांवांतल्याच बायका निवडल्या. पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित समाजांतल्या, कांहीं विधवा व टाकलेल्या. त्यांनीं नेमानें जामखेडास यावें, शिकावें, आणि गांवीं जाऊन शिकलेलें करावें. गर्भारशीला तपासणें, बाळंतपण स्वच्छ हातांनीं करणें, जुलाबाच्या मुलाला पाणी पाजणें, आणि कोणता रोगी तात्काळ दवाखान्यांत न्यावयाचा हें ओळखणें, हें त्या शिकल्या. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला स्वतःला पुरस्काराहून ह्या गोष्टीचें नवल अधिक वाटतें कीं, ज्या बाईच्या हातचें पाणी गांव पीत नव्हता, तिला तोच गांव औषध विचारूं लागला.

आपल्याच जिल्ह्यांत, तुळजापूर तालुक्यांतील अणदूर येथें, डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. शुभांगी अहंकारी ह्यांनीं हॅलो मेडिकल फाउंडेशनचें काम १९९३ च्या भूकंपाच्या आगेंमागें उभें केलें. तीस सप्टेंबरच्या त्या पहांटेनें किल्लारी, सास्तूर आणि भोंवतालच्या गांवांचें काय केलें, तें येथें बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. अणदूरकरांनींहि खेड्यांतल्याच स्त्रियांना शिकविलें, आणि त्यांना 'भारतवैद्य' असें नांव दिलें. पुढें २००५ सालीं सरकारनें गांवोगांव आशाताई नेमावयास आरंभ केला. आपल्यापैकीं कित्येकजण तिला 'गोळ्या वांटणारी' म्हणतात. तिला जुलाबाच्या पुड्या माहीत आहेत, लसींच्या तारखा माहीत आहेत, आणि कोणत्या वेळीं १०८ ची गाडी बोलवावी हेंहि माहीत आहे. माझ्या आईनें विचारलेल्या सात जणांत अशी एकजण असती तर पुरे होतें.

आतां चिठ्ठ्यांकडे वळतें. पहिलीच चिठ्ठी अशी आहे: 'तान्ह्या मुलास जुलाब होत असल्यास पाणी द्यावें काय?' पन्नासावर वर्षें लोटलीं, आणि प्रश्न तोच आहे! सहा महिन्यांच्या आंतलें मूल असेल तर अंगावरचें दूध कमी न करितां अधिक वेळां पाजावें, व आशाताईस लगेच दाखवावें. त्याहून मोठ्यास दूध व जेवण चालूं ठेवून जलसंजीवनी द्यावी. तिची पुडी उपकेंद्रांत फुकट मिळते, आणि ती घरच्या मिश्रणापेक्षां बरी. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरीहि. मात्र मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचांत रक्त दिसलें किंवा घोटभर पाणीहि पोटांत ठरेना, तर घरीं बसूं नये.

'सलाईन लाविल्याशिवाय अशक्तपणा जातो काय?' असें तिघांनीं विचारिलें आहे. मी एके ठिकाणीं नोकरीस असतां तेथें आल्यागेल्यास बाटली लावीत, आणि लोकहि बाटली न लावणाऱ्या डॉक्टरास कच्चा समजत. त्या लिटरभर बाटलींत नऊ ग्रॅम मीठ असतें, बाकी पाणी. ज्याला तोंडानें पितां येत नाहीं त्याचा जीव तिनें वांचतो. ज्याला पितां येतें त्यानें प्यावें, आणि उरलेल्या पैशांचीं अंडीं घ्यावीं.

विंचवाविषयीं चार चिठ्ठ्या आहेत, आणि आपल्या दगडधोंड्यांच्या मुलखांत त्या असणारच. मूळचे आतांच्या जालना जिल्ह्यांतले डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं महाडास राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग सिद्ध केला. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. नुसती जागेवर आग होत असेल तर सहसा भय नसतें. परंतु दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, धाप, अशीं लक्षणें दिसलीं तर विष हृदयापर्यंत गेलें असें समजून मंत्र उतरविणाऱ्याकडे घटकाहि न घालवितां रुग्णालय गांठावें. लेंकरूं लहान असेल तर लक्षणांचीहि वाट पाहूं नये.

गुडघेदुखीच्या पुड्यांविषयीं थोडक्यांत सांगतें. ज्या पुडीवर आंत काय आहे तें लिहिलेलें नाहीं, ती घेऊं नये. अशा कित्येक पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलें आढळतें. त्यानें दोन दिवसांत उड्या माराव्याशा वाटतात, आणि दोन वर्षांत हाडें पोकळ होतात. फार दिवस घेत असाल तर एकाएकीं बंदहि करूं नका. ती पुडीच घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाची गोळी 'बरें वाटतें म्हणून सोडूं काय?' ह्याचें उत्तर नाहीं असें आहे. गोळी चालूं आहे म्हणूनच बरें वाटतें.

जाणता मनुष्य ओळखावा कसा, असें एका मुलानें विचारिलें आहे. ह्या एकतीस चिठ्ठ्यांत मला तीच सर्वांत आवडली. माझा अनुभव असा कीं, जाणता मनुष्य आधीं तुम्हांलाच प्रश्न विचारतो. केव्हांपासून, किती वेळां, पूर्वीं कोणतें औषध घेतलें, पोटांत मूल आहे काय, हें विचारल्यावांचून जो औषध सांगतो, त्याची पदवी केवढीहि असो, तेथें सावध रहावें. आणि जो 'हें माझ्या आवांक्याबाहेरचें आहे, पुढें जा' असें म्हणतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. माझ्या आईच्या सात जणांपैकीं एकानेंहि 'मला ठाऊक नाहीं' असें म्हटलें नाहीं. मोबाईलवर येणारा मजकूरहि कधीं उलट प्रश्न करीत नाहीं, आणि मला ठाऊक नाहीं असेंहि म्हणत नाहीं. त्याच मोबाईलवर सरकारच्या ई-संजीवनींतून खऱ्या डॉक्टराशीं बोलतां येतें, फी न देतां. उपकेंद्रांतल्या ताई जोडून देतात. जातांना दुखण्याच्या तारखा कागदावर लिहून न्याव्या, आणि जुन्या गोळ्यांचीं पाकिटें पिशवींत घालून न्यावीं. 'ती पांढरी, गोल गोळी' एवढ्यावरून जगांतला कोणताहि डॉक्टर कांहीं ओळखूं शकत नाहीं.

ज्यांवर नांव नाहीं अशा चिठ्ठ्यांतल्या अकरा बायकांच्या दुखण्यांच्या आहेत. त्या मी येथें वाचणार नाहीं. शुभवर्तमानांतली बारा वर्षें रक्तस्रावानें पिडलेली स्त्री आठवावी. मार्क सांगतो कीं, पुष्कळ वैद्यांच्या हातून तिनें सोसलें, होतें नव्हतें तें खर्चिलें, आणि दुखणें वाढलेंच. तीहि गर्दींत मागून आली होती. पांढरें जाणें, अंगांतून जाणें, अंग बाहेर येणें, स्तनांत गांठ लागणें, ह्यांना उपाय आहेत, आणि गांठीला तर उशीर चालत नाहीं. उद्यां सकाळीं मिस्सानंतर सिस्टरांच्या खोलींत मी बसेन. ज्या भगिनींनीं लिहिलें त्यांनीं यावें. न लिहिलेल्यांनींहि यावें.

शेवटची एक चिठ्ठी राहिली. पेन्सिलीनें लिहिलेली आहे, दोनच ओळी. रात्र रात्र झोंप लागत नाहीं, कर्जाचा विचार डोक्यांतून जात नाहीं, आणि आपण नसतों तर घर सुटलें असतें असें वाटतें, असा तिचा आशय आहे. हें लिहिणारा किंवा लिहिणारी ह्या मांडवांत आहे असें मी धरून चालतें. भाऊ म्हणूं कीं ताई म्हणूं, मला माहीत नाहीं. तुम्हीं विचारलें तें दुखणेंच आहे, विंचवाच्या दंशासारखें खरें, आणि त्याचेहि डॉक्टर आहेत. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा वा रात्रीं केव्हांहि फोन केला तर शिकलेला मनुष्य मराठींत बोलतो, पैसे पडत नाहींत. धाराशिवास जिल्हा रुग्णालयांत मनाच्या आजाराचे डॉक्टर भेटतात. तेथें एकट्यानें जावेंसें वाटलें नाहीं तर मी बरोबर येईन. आज जेवणाच्या पंगती उठल्यावर मी शाळेच्या ओसरीवर, हापशाच्या बाजूला बसणार आहें. दिवे लागेपर्यंत तेथेंच आहें, आणि नंतरहि कोणी येईपर्यंत थांबेन.