लष्करी न्यायसभेतील सल्लागार

विधिमहाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांपुढे वकिली, न्यायाधीशपदाची परीक्षा अथवा एखाद्या मोठ्या कंपनीतील कायदेविषयक नोकरी असे रुळलेले मार्ग असतात. परंतु भूसेनेच्या जज ॲडव्होकेट जनरल विभागात, ज्याला सैन्यात नुसते ‘जॅग’ म्हणतात, अधिकारी होण्याचा मार्गही त्यांना मोकळा आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

प्रवेशाच्या अटी जाहिरातीत छापलेल्याच असतात. त्या थोडक्यात सांगून टाकतो. कायद्याच्या पदवीत निदान ५५ टक्के गुण, वय २१ ते २७, अविवाहित असणे आणि बार कौन्सिलकडे नोंदणी होण्याची पात्रता. अलीकडे पदव्युत्तर ‘क्लॅट’ परीक्षेचे गुणही मागतात. त्यापुढे निवड मंडळाची पाच दिवसांची कसोटी, वैद्यकीय तपासणी आणि चेन्नईच्या प्रबोधिनीत ४९ आठवड्यांचे शिक्षण. जागा दर खेपेस बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. आणि त्यांतही स्त्रियांसाठी कमी जागा ठेवण्याचा जो शिरस्ता होता, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरविला, हे ऐकणाऱ्या मुलींनी अवश्य ध्यानात घ्यावे.

चेन्नईत कायद्याचा पदवीधर म्हणून कोणी पाठीवरचे ओझे हलके करीत नाही. इतर उमेदवारांच्या बरोबरीने त्यालाही धावावे लागते, रायफल चालवावी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण ज्या शिपायाच्या वर्तनाचा पुढे न्याय व्हावयाचा, त्याचा पहारा आणि त्याचे जागरण ज्याने स्वतः भोगले नाही, त्याचा सल्ला पुस्तकी राहण्याचा संभव फार. लष्करी कायद्याच्या खास अध्ययनासाठी असलेली सैनिकी विधिसंस्था मात्र आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळ कामठीला आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. १९५० च्या सेना अधिनियमाने लष्करी न्यायसभा, म्हणजे कोर्ट मार्शल, चार प्रकारच्या सांगितल्या आहेत. त्यांपैकी जनरल कोर्ट मार्शलमध्ये निदान पाच अधिकारी न्यायासनावर बसतात, आणि त्यांपैकी एकालाही कायद्याची पदवी असण्याचे बंधन नाही. पायदळात वा तोफखान्यात ज्यांचे आयुष्य गेले, असे हे सभासद प्रसंगी आरोपीला देहान्ताची शिक्षाही देऊ शकतात, मात्र त्याकरिता दोन-तृतीयांश सभासदांची संमती लागते. म्हणूनच अशा सभेत जज ॲडव्होकेटची उपस्थिती अधिनियमाने सक्तीची केली आहे. तो आरोपीचा वकील नव्हे, फिर्यादी पक्षाचाही नव्हे, आणि त्याला मतही नाही. दोन्ही पक्षांच्या मध्ये संपूर्ण निःपक्षपाती राहून, साक्षीपुरावा संपल्यावर त्याचा गोषवारा खुल्या सभेत मांडावयाचा आणि त्या प्रकरणाला लागू पडणारा कायदा सभासदांना समजावून द्यावयाचा, हे त्याचे काम. पुढे मते घेताना हुद्द्याने सर्वांत कनिष्ठ असलेल्या सभासदापासून आरंभ करण्याचा नियम आहे, तो अशासाठी की वरिष्ठाचे मत ऐकून कनिष्ठाने आपले मत बेतू नये. ज्या कोणी हा नियम रचला, त्याला हुद्द्याचा दाब म्हणजे काय चीज असते हे पुरते ठाऊक असले पाहिजे!

तोच दाब या सल्लागारावरही असतो. अध्यक्षस्थानी एखादे कर्नलसाहेब, आणि हा पुष्कळदा मेजर. त्याने अदबीने परंतु निःसंदिग्धपणे सांगावयाचे की, ‘साहेब, ही जबानी पुराव्यात धरता येणार नाही.’ माझ्या मते या नोकरीची खरी पूर्वतयारी म्हणजे हे एवढे वाक्य, आवाज न चढविता आणि न कचरता, उच्चारण्याची तयारी होय. आणि नाटक-सिनेमांतील कोर्ट मार्शल पाहून ज्यांना टाळीच्या वाक्यांची हौस वाटू लागली असेल, त्यांनी हा नाद वेळीच सोडलेला बरा.

ही तयारी केवळ मनोधैर्याने होत नाही. तिला कायद्याचे भांडवल लागते. पुराव्याचा सर्वसाधारण कायदाच कोर्ट मार्शललाही लागू असल्यामुळे तो प्रथम पक्का हवा. परंतु त्याहून अधिक लक्ष कार्यपद्धतीकडे द्यावे. १९५४ च्या सेना नियमांप्रमाणे आरोपीच्या समक्ष आरोपाची सुनावणी प्रथम त्याच्या कमान अधिकाऱ्यापुढे व्हावी लागते; चौकशी-मंडळापुढे ज्याच्या चारित्र्याला वा लौकिकाला बाध येण्याचा संभव, त्याला तेथे हजर राहण्याची संधी द्यावी लागते; आणि अधिनियमाप्रमाणे सामान्यतः तीन वर्षांची मुदत उलटल्यावर खटलाच चालविता येत नाही. यांपैकी एखादी पायरी गाळली गेली, तर सज्जड पुराव्यावर उभे राहिलेले प्रकरणही ढासळू शकते. तसेच अधिकारक्षेत्राचे. नौदलाच्या कमांडर नानावटींवरचा १९५९ चा खुनाचा खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात, ज्यूरीपुढे चालला, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. भूसेनेच्या कायद्यातही सेनेबाहेरच्या माणसाचा खून हा प्रत्यक्ष युद्धसेवा, परदेश वा सरहद्दीवरील ठाणे एवढे अपवाद वगळता मुलकी न्यायालयाकडेच जातो. शिवाय २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले, त्याचे एक पीठ मुंबईतही आहे, आणि तेव्हापासून कोर्ट मार्शलच्या निर्णयावर तेथे अपील होते. सल्लागाराने दिलेला सल्ला आता दफ्तरात बंद राहत नाही, तो पुन्हा तपासला जातो.

भाषेची तयारी मात्र बहुतेक उमेदवार विसरतात. कायदा न शिकलेल्या पाच अधिकाऱ्यांना संशयाचा फायदा म्हणजे काय हे दहा मिनिटांत समजेल असे बोलता येणे, आणि तेच एका पानात लिहिता येणे, हा गुण गुणपत्रिकेत दिसत नाही, पण पुढे रोज लागतो.

तेव्हा ज्यांना या वाटेने जावयाचे आहे, त्यांनी अर्ज करण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात जाऊन एखादा फौजदारी खटला आरंभापासून निकालापर्यंत ऐकावा, आणि सेना अधिनियमाची दोनशेच्या आतली कलमे, मार्गदर्शिका बाजूस ठेवून, एकवार मुळातून वाचावीत. या दोन्ही गोष्टींना शिकवणीवर्गाची फी पडत नाही.