सरोवरातली सुट्टी



परक्या देशात सेवेसाठी गेलेल्या तरुणांना आठवड्याची सुट्टी म्हणजे केवढा आनंद! पोरांना शिकवून घसा बसलेला असतो, दवाखान्यात उभे राहून पाय दुखत असतात. अशा वेळी जवळ निळेशार पाणी असले, तर चार मित्रमैत्रिणी मिळून पोहायला जाणार नाहीत तर काय करतील? आजची गोष्ट अशाच एका पाण्याची आहे.

आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे. तिथले सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ७०० मीटर खोल. नुसते समुद्रच म्हणा ना! फरक एवढाच की, पाणी गोडे. त्याच्या दक्षिण टोकाला केप मॅक्लिअर हे रम्य ठिकाण आहे. रंगीबेरंगी माशांसाठी या भागाला १९८४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. साहजिकच पीस कोअर या अमेरिकन संस्थेचे स्वयंसेवक सुट्टीला तिकडे जात. ही संस्था १९६१ साली निघाली. त्याच वर्षापासून १९७६ पर्यंत तिचे स्वयंसेवक आपल्या देशातही काम करीत होते.

१९९२ साली मलावीतल्या दोन स्वयंसेवकांना मज्जासंस्थेचा गंभीर आजार झाला. डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा आजाराचे मूळ निघाले त्या सरोवरातल्या पोहण्यात! स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून एक परजीवी कृमी त्यांच्या अंगात शिरला होता. त्याचे नाव शिस्टोसोमा. १८५१ साली थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याने इजिप्तमध्ये तो शोधला, म्हणून रोगाला बिल्हार्झिया म्हणतात.

हा कृमी पाण्यात येतो कुठून? तर माणसाकडूनच. रोगी माणसाने पाण्यात किंवा काठावर लघवी वा शौच केले की कृमीची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली पिले गोगलगायीच्या पोटात शिरतात. तिथे त्यांची संख्या वाढते, आणि मग डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या पाण्यात सुटतात. माणूस पाण्यात उतरला की त्या सरळ कातडीतून आत जातात. पाणी पिण्याची गरजच नाही! पुढे ताप येतो, लघवीतून रक्त जाते. कित्येकदा महिनोन्‌महिने काहीच कळत नाही.

सरोवरात मासेमारी फार वाढली, तेव्हा गोगलगायी खाणारे मासे कमी झाले, आणि त्यामुळे रोग बळावला, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. एक धागा तुटला की सारे वस्त्र कसे उसवते, ते पाहा.

तुम्ही म्हणाल, आफ्रिकेतल्या रोगाशी आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली हाच रोग सापडला होता. शिवाय गुरांच्या अंगातल्या अशाच कृमींमुळे, जिथे गुरे डुंबतात त्या पाण्यात उतरणाऱ्यांना अंगभर खाज सुटते. ते कृमी माणसात वाढत नाहीत, पण त्रास देऊन जातात.

मग पोहायचेच नाही का? छे! पोहण्यासारखा व्यायाम नाही. मीठपाण्याच्या समुद्रात हा धोका नाही, क्लोरिन घातलेल्या तलावातही नाही. जिथे हा रोग आहे अशा देशात कामाला वा शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी मात्र तिथल्या गोड्या पाण्यात उतरू नये. उतरलेच, तर परतल्यावर डॉक्टरांना न विसरता सांगावे. प्राझिक्वांटेल या गोळीने रोग बरा होतो. पण डॉक्टरांनी ओळखला तर!

गुरुजनहो, शाळेत हा विषय निघेल तेव्हा मुलांना एवढे अवश्य सांगा : ज्या पाण्यात आपण पोहतो, त्यात आणि त्याच्या काठावर घाण करू नये. औषधाने एक माणूस बरा होतो, पण स्वच्छ सवयीने अख्खे गाव वाचते. जगात २०२१ साली २५ कोटींहून अधिक लोकांना या रोगाच्या प्रतिबंधक उपचाराची गरज होती. त्यांतले बहुतेक सुट्टीला आलेले पाहुणे नव्हते. रोज त्याच पाण्यात धुणे धुणाऱ्या बाया, जाळी टाकणारे कोळी आणि डुंबणारी पोरे होती. पाहुण्याचा आजार झटकन नजरेत भरतो, घरच्यांचा मात्र नित्याचा होऊन बसतो. सेवेला जाणाऱ्याने हेही ध्यानात ठेवलेले बरे.