चालण्यासाठी औषध : आशा आणि मर्यादा



गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी चालण्याचे मोल आपणांस सांगावयास नको. शेताची वाट, एस.टी.चा थांबा, आठवडी बाजार, सारा संसार पायांवरच उभा असतो. अशा घरातील ऐन विशी-तिशीतील व्यक्तीचे, बहुधा स्त्रीचे, पाय जड होऊ लागले, तोल जाऊ लागला, की कोणी त्यास अशक्तपणा म्हणतात, तर कोणी बाहेरची बाधा. त्यामागे कधी मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असतो. तथापि बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मणक्याचा क्षयरोग यांमुळेही चाल बिघडते. म्हणून निदान आधी, औषध नंतर, हा क्रम आम्ही मोडू नये.

या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरील वेष्टण निघावे तसे होते. उघड्या पडलेल्या भागातून पोटॅशियम बाहेर झिरपते आणि मेंदूचा संदेश पायांपर्यंत पोहोचण्याआधीच क्षीण होतो. उष्णता वाढली की हा अडथळा आणखी जाणवतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा रुग्णांचे पाय अधिक थकतात, ते यामुळेच.

फॅम्प्रिडीन हे औषध पोटॅशियमचे हे मार्ग रोखते व संदेशास वाट करून देते. अमेरिकेत त्यास जानेवारी २०१० मध्ये मान्यता मिळाली. त्याआधीच्या दोन मोठ्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी अनुक्रमे सुमारे ३५ व ४३ टक्के रुग्णांची चाल सातत्याने सुधारली. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ ते ९ टक्के होते. ज्यांना गुण आला, त्यांचा वेग सरासरी पाव हिश्शाने वाढला. म्हणजेच निम्म्याहून अधिक रुग्णांना लाभ झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिवाय हे औषध मूळ आजार रोखत नाही. त्यासाठीचे उपचार वेगळे आहेत आणि ते चालूच ठेवावे लागतात.

दहा मिलिग्रॅमची गोळी बारा-बारा तासांनी, न फोडता व न चावता घ्यावयाची असते. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. मात्रा वाढल्यास झटके येऊ शकतात. पूर्वी फिट्स आलेल्यांना किंवा मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्यांना ते देता येत नाही. म्हणून आधी रक्ततपासणी अनिवार्य आहे.

गुण येतो की नाही, हे दोन ते चार आठवड्यांत कळते. त्याची कसोटी अगदी साधी : पंचवीस फूट अंतर आणि हातात एक घड्याळ. औषधापूर्वी व नंतर तेच अंतर चालवून वेळ नोंदवावी. फरक नसेल तर औषध थांबवावे. गरीब कुटुंबाचा पैसा व्यर्थ जाऊ नये, यासाठी ही नोंद आम्हांस औषधाइतकीच महत्त्वाची वाटते.

हे कुटुंब एकटे नाही. १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया अशा रुग्णांसाठी कार्य करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही या आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी रुग्णांनी अवश्य अर्ज करावा.

देणगीदारांना आमची नम्र विनंती एवढीच, की गरजू रुग्णाच्या पहिल्या चार आठवड्यांच्या औषधाचा व तपासणीचा भार आपण उचलावा. गुण आला तर एका घराची वाट मोकळी होईल; न आला तर ते घर निष्फळ खर्चाच्या कर्जातून वाचेल. दोन्ही परींनी आपले दान सत्कारणी लागेल.