आपल्या भागाचे आमदार : दि. बा. पाटील
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी बाहेरच्या विदुषी येऊन बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि माझे नाव पुढे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्या. विषय मात्र माझा मीच निवडला आहे. मागच्या हळदीकुंकवाला कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या एका भगिनीने मला विचारले, "विमानतळाला ज्यांचे नाव द्या म्हणून एवढे मोर्चे निघाले, ते दि. बा. पाटील कोण हो? मंत्री होते का?"

मंत्री नव्हते. उभ्या आयुष्यात ते एक दिवसही मंत्री झाले नाहीत. ते आमदार होते, काही वर्षे खासदार होते, आणि बहुतेक काळ सरकारच्या समोरच्या बाकावर बसले. अशा माणसाच्या हातून काय होऊ शकते, ते आज सांगायचे आहे.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म 13 जानेवारी 1926 रोजी उरण तालुक्यात जासई गावी झाला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव 1981 साली मिळाले. माझे माहेरही त्याच तालुक्यातले, म्हणून तिकडची शेती कशी असे ते मला ठाऊक आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, आणि मध्ये मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरे, आणि मग पुढची काही वर्षे त्या जमिनीत धड दाणा येत नसे. म्हणून बांध फुटला असे कळले की रात्री-अपरात्री सगळा गाव धावे. पावसाळा संपला की पुरुष मिठागरावर जात. अशा घरांतली मुले चार बुके शिकली तरी खूप. त्या काळात तिथला एक मुलगा वकील झाला आणि पनवेलला वकिली करू लागला. शेतकऱ्याला कोर्टात जाऊन आपल्यातल्याच माणसाशी आपल्या भाषेत बोलता येऊ लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

ते शेतकरी कामगार पक्षात गेले. कुलाबा जिल्ह्यात या पक्षाची मुळे खोल. 1933 साली अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला आणि काही वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. त्या संपाच्या गोष्टी ऐकत जी पिढी वाढली, तीच पुढे या पक्षात आली. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राचा जोर होता, आणि दि. बा. पनवेलमधून निवडून आले. तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेले नव्हते, मुंबई द्विभाषिक राज्याची विधानसभा होती. पुढे ते एकूण पाच वेळा पनवेलचे आमदार झाले. मध्यंतरी पनवेलचे नगराध्यक्षही होते.

आता 1957 हे साल जरा ध्यानात ठेवा. त्याच वर्षी 1 एप्रिलला कूळकायद्याचा कृषकदिन आला, आणि कसणारी कुळे जमिनीची मालक ठरू लागली. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या घरांना पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा सातबारा दिसला. आणि 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी ठाणे, पनवेल, उरण या बाजूच्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. तेरा वर्षे! मालकी मिळाली, ती पुरती अंगवळणी पडण्याआधीच नोटिसा आल्या.

माझ्या सासूबाई सांगत, शेत गेल्यावर त्यांना पहिल्यांदा दुकानातून तांदूळ आणावा लागला, तेव्हा त्या पिशवी पदराखाली झाकून घरी आल्या. आगरी घरात तांदूळ विकत आणायचा म्हणजे लोक काय म्हणतील! कॉलनीतल्या मैत्रिणींनो, हे मी तुम्हाला बोल लावण्यासाठी सांगत नाही. तुम्ही पै पै साठवून, हप्ते भरून घरे घेतलीत, त्यात तुमचा काय दोष? पण आपल्या सेक्टरच्या खाली काय होते ते माहीत असावे.

या सगळ्या काळात दि. बा. विधानसभेत होते, आणि 1972 ते 1977 पर्यंत विरोधी पक्षनेते होते. टीव्हीवर आपण सभागृहातला आरडाओरडा पाहतो आणि म्हणतो, ही माणसे करतात तरी काय? माझाही तसाच समज होता. पण मुलाच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून आणि गावच्या जाणत्या मंडळींकडून मी समजून घेतले. आमदार तारांकित प्रश्न विचारतो, त्याला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. लक्षवेधी सूचना मांडली की तातडीच्या विषयावर सरकारला निवेदन करावे लागते. अंदाजपत्रकाच्या वेळी कपात सूचना देऊन एखाद्या खात्याचे कान धरता येतात. आपण नाही का घरात विचारत, वाण्याचे इतके कसे झाले, दूधवाल्याचा खाडा धरला की नाही? तसेच ते आहे. मात्र त्यासाठी कागद वाचावे लागतात. वकिलाला ते जमते, आणि शेतात वाढलेल्या वकिलाला कोणता कागद खोटा बोलतो तेही कळते.

त्यांची मागणी साधी होती. जमीन घेता, शहर बसवता, तिची किंमत शंभरपट होते. मग ज्याची जमीन घेतली त्याला केवळ पैसे देऊन वाटेला लावू नका, तयार झालेल्या जमिनीतला वाटा परत द्या. पैसे संपतात हो. आमच्या गावात पैसे आले तेव्हा मोटारसायकली आल्या, लग्ने मांडव घालून धूमधडाक्यात झाली, आणि थोड्याच वर्षांत तेच लोक नाक्यावर बिगारी शोधत उभे राहिले.

सभागृहात सांगून भागेना, तेव्हा ते रस्त्यावर उतरले. जानेवारी 1984 मध्ये उरण-पनवेल भागात मोठे आंदोलन झाले. 16 जानेवारीला जासईजवळ आणि 17 जानेवारीला पागोटे गावाजवळ पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. आंदोलनात बायका पुष्कळ होत्या. माझी आईही गेली होती, मी तेव्हा कडेवरची. आई सांगे की धावताना चपला कुठे गेल्या ते कळलेच नाही, घरी आल्यावर पायातले काटे आजीने सुईने काढले. दरवर्षी त्या दोन दिवशी तिथे आजही माणसे जमतात. त्याच वर्षी डिसेंबरात इंदिराजींच्या हत्येनंतर लोकसभेची निवडणूक झाली. देशभर काँग्रेसची लाट होती, तरी कुलाब्यातून दि. बा. निवडून आले. त्याआधी 1977 लाही ते लोकसभेत गेले होते.

पुढे 1990 साली शासनाने साडेबारा टक्क्यांची योजना मान्य केली आणि 1994 मध्ये तीत सुधारणा झाल्या. बाहेरून आलेल्या बायकांना हा शब्द कानावर पडतो, पण अर्थ कळत नाही, म्हणून हिशेब सांगते. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे विकसित जमीन. त्यातून शाळा, मैदाने अशा सोयींसाठी पावणेचार टक्के कापून सिडको पावणेनऊ टक्के हातात देते, म्हणजे साडेतीन गुंठे. चाळीस देऊन साडेतीन! पण ते साडेतीन गुंठे शहरातले, रस्ता-पाणी असलेले. आधी तेही नव्हते. विमानतळासाठी ज्यांची गावे उठली त्यांना पुढे साडेबावीस टक्के मिळाले, त्याचीही वाट याच योजनेने पाडली.

सगळेच गोड झाले असे मी म्हणणार नाही. काहींचे प्लॉट मिळायला इतकी वर्षे गेली की अर्ज करणारा म्हातारा गेला आणि नातवाने ताबा घेतला. काहींनी फाईल हातात येण्याआधीच दलालाला विकली. वाढत्या कुटुंबासाठी गावठाणाबाहेर बांधलेल्या "गरजेपोटी" घरांचा प्रश्न कितीतरी वर्षे लोंबकळत राहिला. दि. बां.नी उतारवयात शेकाप सोडून शिवसेना धरली, ते आमच्या वडिलांना काही आवडले नव्हते. आमच्या ओटीवर त्यावरून बरीच भांडणे झाली.

आणि एक गोष्ट बायकांची. योजनेत नाव येते खातेदाराचे, आणि खातेदार बहुतेक घरांत पुरुष. तो वारला की वारस दाखला काढावा लागतो. 1956 च्या कायद्याने वडिलांच्या मागे मुलीलाही वाटा आहे, म्हणून त्या दाखल्यात बहिणींची नावे येतात. मग माहेराहून निरोप येतो, "जेवायला ये, आणि एक सही करायची आहे." ती सही हक्कसोडपत्राची असते. आमच्या माहेरी फाईल निघाली तेव्हा आम्हा तिघी बहिणींना असेच बोलावले. मी म्हटले, कागद आधी वाचून दाखवा. थोरल्या दोघींनी सही केली, मी केली नाही. माझे नाव वारसांत राहिले. दोन वर्षे भाऊबीजेचे बोलावणे आले नाही. तिसऱ्या वर्षी धाकटा भाऊ स्वतः न्यायला आला. आईने गोळीबाराच्या दिवशी पायांत काटे भरून घेतले होते, ते काय फक्त मुलग्यांसाठी?

24 जून 2013 रोजी दि. बा. गेले. 2021 साली त्याच तारखेला बेलापूरच्या सिडको भवनावर हजारो माणसे गेली, विमानतळाला त्यांचे नाव द्या म्हणून. 2022 मध्ये विधानसभेने तसा ठराव केला. ज्या विधानसभेत ते बहुतेक काळ विरोधात बसले, तिनेच! ठराव करणे राज्याच्या हाती, नावाचा शेवटचा शब्द मात्र दिल्लीचा असतो. विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले.

माझी वेळ संपत आली, अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहत आहेत. एकच सूचना करून बसते. पुढच्या महिन्याच्या सभेला आपल्या कॉलनीतल्या एक वकीलबाई यायला तयार आहेत. ज्यांच्या माहेरची किंवा सासरची साडेबाराची फाईल अजून बाकी आहे, त्यांनी सातबाऱ्याचा जुना उतारा, वारस दाखला असेल तर तो, आणि सही करायला दिलेला कोणताही कागद सोबत आणावा. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा. चहा मंडळाकडून आहे.